ऐंशी किलोचे साहेब

आमच्या कंपनीकडे दोन विमानं होती. त्यातलं एक उडायचं. दुसरं जुहूच्या हँगरमध्ये कायमचं उभं होतं, आणि पहिल्याला काही कमी पडलं की दुसऱ्याच्या अंगातून काढून त्याला बसवायचे. मालक मात्र आल्यागेल्याला ‘आमचा ताफा’ म्हणून सांगायचे. सांगताना हात असा पसरायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, मागे आणखी पंधरा-वीस उभी आहेत.

या ताफ्यात बाईमाणूस एकच, मी. माझा त्या काळातला एक फोटो आहे. आभाळी रंगाची साडी, खांद्यावर पितळेच्या पंखांची पिन, हनुवटी वर, नजर कुठेतरी ढगात. नात तो मोबाइलवर सगळ्यांना दाखवते, "आमची आजी एअरलाइनमध्ये होती." मला मात्र तो फोटो बघितला की त्या बयेच्या कानाखाली एक काढावीशी वाटते. ढगात काय बघतेयस गं? एवढी वर्षं नोकरी केलीस, एकदा तरी विमानात बसलीस का? पण तोरा बघा! अंधेरी पूर्वेच्या आमच्या चाळीत नळावर उभी राहून बाकीच्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणायची, "आज आमचं विमान नाशिकला गेलंय." आमचं! जसं काही घरून डबा बांधून पाठवलंय.

धंदा तसा साधा होता. टॅक्सी भाड्याने करतात तसं विमान भाड्याने द्यायचं. दोन पंखे, पायलट धरून सहा खुर्च्या. साखर कारखानेवाले यायचे, औषध कंपन्यांचे लोक यायचे, एखादा सिनेमावाला यायचा आणि निवडणूक जवळ आली की पुढारी रांग लावायचे. फोन घ्यायचा, चहा सांगायचा, पाहुण्यांशी गोड बोलायचं हे माझं काम. शिवाय जिथे विमान जायचं तिथला बंदोबस्तही माझ्याकडेच. कोकणातल्या, देशावरच्या त्या धावपट्ट्यांवर ना माणूस असायचा ना कुंपण. विमान निघायच्या आधी मी तिथल्या जवळच्या दुकानात ट्रंक कॉल लावायची, की विमान निघतंय, गुरं हाकला. दुकानदार गिऱ्हाईक टाकून काठी घेऊन धावायचा.

आणि वजनं करायची. एवढ्याशा विमानात कोणाचं वजन किती हे कळल्याशिवाय पायलट उडत नाही. ऑफिसच्या दारात धान्याच्या दुकानात असतो तसला मोठा काटा होता. माणसाने त्यावर उभं राहायचं, मग त्याच्या सामानाने, आणि मी ते आकडे वजनाच्या कागदावर लिहून सही करायची. तो कागद हातात पडल्याशिवाय कॅप्टन विमानाला हात लावायचे नाहीत.

पण मालकांचा एक शिष्टाचार होता. मोठ्या माणसाला काट्यावर उभं करायचं नाही. वाईट दिसतं म्हणे. "साहेब असतील तर ऐंशी लिहा, बाई. साहेबांच्या बाईसाहेब असतील तर पंचावन्न." बस्स. मग तो साहेब दारातून आडवा होऊन आत शिरला तरी कागदावर ऐंशी. मी इतकी वर्षं इतके साहेब बघितले, सगळे ऐंशी किलोचे! आणि मी, गाढव, ते सुवाच्य अक्षरात लिहायची. मला वाटायचं, यालाच म्हणतात मॅनर्स. खोटं कशाला बोलू, माझं स्वतःचं वजन कागदोपत्री पंचेचाळीस होतं. मीच लिहिलेलं.

कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ते माझा कागद वाचायचे, मग पाहुण्याच्या पोटाकडे एकदा बघायचे, आणि काही न बोलता मेकॅनिकला जाऊन सांगायचे, पेट्रोल जरा कमी भर. असं सगळं सांभाळून चाललं होतं. मालकांची अदब राहायची आणि विमानही उडायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर माझी आई आमच्याकडे होती. गावाहून तपासायला आणलेली. पोटात गाठ होती. महापालिकेच्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं, सगळं केलं, आणि एक दिवस डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, घरी घेऊन जा, आता तिला जे आवडेल ते करा. तिला काय आवडेल हे विचारायची गरजच नव्हती. ती आल्या दिवसापासून तेच सांगत होती.

"माका माझ्या घरात मराक व्हया. हय नाय."

"असं काय बोलतेस गे, आये?"

"मगे कसा बोलू? हय माणूस मेला तर तेका रांगेत थांबाचा लागता. माका घराक घेवन चल."

घर म्हणजे सड्याखालचं, त्या कातळी पठाराच्या पायथ्याचं, आमचं मातीचं घर. तिने स्वतः सारवलेलं, मागे फणस, पुढे तुळस. एसटी म्हणजे अख्खी रात्र घाटातून, आणि तिला खुर्चीवर टेकून बसवणंसुद्धा शक्य नव्हतं. आडवी पडून राहिली तरच तिचं दुखणं सोसवायचं. माझा नवरा गिरणीतला. संप मोडला, गिरणी गेली, आता रिक्षा चालवत होता. तो म्हणाला, "टेम्पो करू, मागे गादी टाकू." पण मुंबई-गोवा रस्त्यावरच्या तेव्हाच्या खड्ड्यांत टेम्पोतून ती वाटेतच गेली असती, हे त्यालाही ठाऊक होतं.

आणि तेव्हाच आमच्या गावच्या सड्यावरच्या धावपट्टीची फेरी लागली. आमच्या भागातले एक मोठे पुढारी सपत्नीक भूमिपूजनाला जाणार होते. नवरा-बायको दोघंच. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या. मी मालकांच्या केबिनमध्ये गेले, दोन्ही हात जोडले, सांगितलं. मालक लगेच विरघळले. "बाई, तुमची आई ती आमची आई. आपण सगळे एक कुटुंब आहोत." मेकॅनिकला बोलावून त्यांनी स्वतः हुकूम दिला, की मागच्या खुर्च्या काढा, आजींना आडवं झोपता आलं पाहिजे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या फोटोतल्या बयेने घरी जाऊन मालकांच्या फोटोला हार घालायचा तेवढा बाकी ठेवला होता.

आईला सांगितलं तर ती खुदकन हसली. "इमानात? माका? देवाक वाटात, म्हातारी आपणच वर इली."

ठरल्या दिवशी सकाळी नवऱ्याने तिला रिक्षात मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं आणि अंधेरीहून जुहूपर्यंत रिक्षा अशी चालवली, की मागून लोक शिव्या देत होते. हँगरच्या सावलीत वॉचमनची खाट टाकली होती. आई तिच्यावर. मी आभाळी साडी नेसून, पिन लावून. खुर्च्या काढलेल्या, खाली चटई अंथरलेली, उशी ठेवलेली. मी गावाकडच्या दुकानाला फोन लावून आले. माझे चुलतभाऊ डोली घेऊन सड्यावर थांबणार होते.

मग मुलुंडहून एक टेम्पो आला. त्यातून चार हमालांनी एक लाकडी खोका उतरवला, धापा टाकत विमानापाशी नेला आणि माझ्या आईच्या चटईवर ठेवला.

मी धावले. "अहो, काय करताय? कोणी सांगितलं?"

"साहेबांची कोनशिला आहे," मागून मालकांचा आवाज आला. "संगमरवराची. कालच ट्रकने जायची होती, पण साहेबांना नवीन पद मिळालं ना, ते कोरायचं राहिलं होतं. बरं झालं, आपण खुर्च्या काढल्या. अगदी बरोब्बर बसली बघा."

मला आधी समजेचना. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "आणि आई?"

"आजी पुढच्या फेरीला जातील."

"पुढची फेरी कधी?"

"असेल की. बघू. दोन-चार आठवड्यांत काही ना काही लागतंच."

"सर, डॉक्टरांनी तेवढे दिवस दिलेले नाहीत."

"बाई, समजून घ्या जरा." त्यांनी आवाज खाली आणला. "या माणसाच्या एका शब्दावर आपल्याला कोकणची रोजची फेरी मिळणारेय. रोजची! कंपनी म्हणजे कुटुंब. कुटुंबासाठी थोडं सोसावं लागतं."

थोडं! आज हे लिहितानासुद्धा मी पेन असं दाबलं की कागद फाटला. नात म्हणते, आजी, बीपी वाढेल, उद्या लिही. उद्या काय लिहू? राग काय शिळा होतो?

आणि ती बया काय करत होती त्या वेळी? मान हलवत होती. बरं सर, म्हणत होती. सवय! जिभेला सवय. मग तिला वाटलं, स्वतः साहेबांना सांगावं, ते आपल्याच गावाकडचे, त्यांना कळेल. साहेब केबिनमध्ये चहा पीत होते, शेजारी त्यांच्या बाईसाहेब, हिरवी पैठणी, नाकात नथ. भूमिपूजनाला जोडीने बसायचं असतं म्हणून नटून आलेल्या. मी सगळं सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला. चेहरा दुःखी केला. मग म्हणाले, "अरेरे. पण बाई, मी हे सगळं कोणासाठी करतोय? तुमच्या आईसारख्या माउल्यांसाठीच ना? तिथे आपण दवाखाना उभारतोय. एकदा तो झाला, की कोणा म्हातारीला असं मुंबईला यावंच लागणार नाही."

दवाखाना! दवाखान्याचा दगड विमानात आणि आजारी बाई खाटेवर! मी बाहेर आले. आई मान वळवून विमानाकडेच बघत होती.

"गे, ता काय? माझ्या जाग्यार कोणाक निजवल्यानी?"

"दगड आहे, आये. दवाखान्याचा."

"धोंडो?" तिने खोक्याकडे नीट बघून घेतलं. मग साध्या आवाजात, शेजारणीबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "तेची कोण वाट बघता थंय?"

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. नुसता माझ्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अगं, तू वजनं करतेस ना? मग कर की."

मी टेबलावरून कागदाचं पॅड उचललं आणि हमालांना सांगितलं, खोका खाली घ्या, काट्यावर ठेवा. वजन केल्याशिवाय काही जाणार नाही. मालक केबिनच्या दारात आले. मागोमाग साहेब आणि बाईसाहेब. खोका काट्यावर चढला. शंभर किलो. मी मोठ्याने वाचलं आणि लिहिलं. मग वळून म्हणाले,

"साहेब, आता तुम्ही या."

मेकॅनिकने मान वर केली. पान्याचा आवाजसुद्धा थांबला.

"कशाला?" साहेब म्हणाले.

"काट्यावर. वजनाला."

"बाई!" मालक ओरडले. "साहेबांचं वजन आपल्याकडे आहे. ऐंशी लिहा!"

"मी लिहिणार नाही. सहीही करणार नाही. तुम्हीच लिहा आणि तुम्हीच करा."

मालकांचा हात पॅडकडे आला तेवढ्यात कॅप्टन पुढे झाले. चहाचा ग्लास त्यांनी पिंपावर ठेवला. "सर, तिकडे पेट्रोल मिळत नाही. जायचं-यायचं इथूनच भरून न्यायचंय. आज मला टाकीत कमी करता येणार नाही. त्यामुळे आज खरा आकडा पाहिजे."

"म्हणजे रोज खोटा असतो का?" हे बाईसाहेबांनी विचारलं.

कॅप्टन जरा खाकरले. "मॅडम, मागच्या वेळी तुम्ही पंचावन्न होतात."

"पंचावन्न!" बाईसाहेबांना असं हसू फुटलं की नथ हलायला लागली. "अहो, पंचावन्न तर मी बोहल्यावरसुद्धा नव्हते!" आणि पैठणी सावरत त्या सरळ काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. शहात्तर. "बघा, काही झालं का मला? या तुम्ही पण."

"तू जरा गप्प बसतेस का?" साहेब दातांतून म्हणाले.

"का गप्प बसू? घरी बाथरूममधल्या काट्यावर रोज सकाळी उभे राहता ते? लुंगी सोडून, श्वास धरून!"

मेकॅनिक पटकन विमानाच्या पोटाखाली शिरला. तिथून त्याचं हसणं ऐकू येत होतं. साहेबांचा चेहरा लालबुंद. चार माणसांत मागे हटता येईना आणि पुढेही जाववेना. शेवटी ते काट्यावर चढले ते मला खाऊ की गिळू असं बघत. चढल्यावर त्यांनी श्वास धरला. त्याने काय होणार! एकशे दहा.

मी लिहिलं. इतकी वर्षं इतकं सुवाच्य अक्षर काढलं, पण तो आकडा लिहिताना जी मजा आली ती कधी आली नव्हती. पॅड कॅप्टनकडे दिलं. त्यांनी बेरीज केली. "माणसं आणि सामान मिळून दोनशे पंचाहत्तर चालेल. हे होतंय दोनशे शहाऐंशी. अकरा जास्त."

"अकराच ना?" मालक म्हणाले. "अकरा किलो म्हणजे काय, कॅप्टन! एवढं चालतं."

"इथे चाललं असतं. तिकडची पट्टी आखूड आहे, सर. सड्याच्या कडेला संपते."

"कडेच्या पुढे काय आहे?" बाईसाहेब.

"दरी आहे, मॅडम."

"खोका काढा!" मालक हमालांवर ओरडले. "लाकडाचंच असेल वीस किलो!"

मेकॅनिक विमानाखालून बाहेर आला. "खोका काढला तर उतरताना हादऱ्याने दगड तडकेल, सर. मग मला बोलायचं नाही."

"नको, नको!" साहेबच दचकले. तडकलेली कोनशिला! भूमिपूजनाला! त्यांच्या कपाळावर घाम आला. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला दरी. त्यांनी बायकोकडे बघितलं. शपथेवर सांगते, मला तेव्हाच कळलं होतं, ते काय हिशेब करतायत. बायको शहात्तर किलोची होती.

तिलाही कळलं. "माझ्याकडे काय बघताय? मी राहिले तर पूजेला शेजारी कोणाला बसवणार? आणि या दगडाबरोबर तर मी बसायचीच नाही. मला नाही मरायचं तुमच्या नावापायी." मग ती जरा नरमली. आईच्या खाटेकडे बघून म्हणाली, "अहो, पूजा जमिनीची असते. दगडाची नसते. येऊ द्या त्याला मागून ट्रकने."

तिने हे माझ्या आईची दया येऊन केलं असं मी म्हणणार नाही. तिला स्वतःचा जीव प्यारा होता. पण मला काय त्याचं? तिचे उपकार मी मानते, ज्यांनी दुःखी चेहरा केला त्यांचे मानत नाही.

खोका टेम्पोत परत चढला. मग राहिलो आम्ही. आईला काट्यावर उभं करणं शक्यच नव्हतं. नवऱ्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि स्वतः काट्यावर चढला, नंतर स्वतःचं वजन त्यातून वजा केलं. "ओ जावय, पाडशात हा माका!" असं ती ओरडत होती आणि तिला गुदगुल्या झाल्यासारखी हसतही होती. बत्तीस किलो. माझी आई बत्तीस किलो. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन सडा चढणारी बाई.

मग मी. आता पंचेचाळीस सांगायची सोय नव्हती. सगळे बघत होते. बाईसाहेब तर वाकून बघत होत्या. सत्तावन्न! नवरा म्हणाला, "अरेच्चा!" त्याला घरी गेल्यावर बघून घेते असं मनाशी ठरवलं. कॅप्टननी बेरीज केली, आणि बरोब्बर दोनशे पंचाहत्तर झाली. ते म्हणाले, "आता कोणी पाणीसुद्धा पिऊ नका." माझी पिशवी मी नवऱ्याच्या हातात दिली.

मालक जाताना एवढंच म्हणाले, "परत आल्यावर बोलू, बाई." मी पण म्हणाले, "बोलूच."

विमानात माझं काय झालं ते सांगायला लाज वाटते. एवढी ढगात बघणारी बया! इंजिन सुरू झालं तशी हिने दोन्ही पाय जमिनीवरून वर उचलून धरले. का, तर विमानाला कमी भार पडावा म्हणून. रोज वजनं करणारी बाई! डोळे गच्च मिटलेले. शेजारी चटईवर आई पडलेली, ती मला कोपराने ढोसत होती.

"गे, डोळे उघड. बघ तरी. पैसे दिले तरी कोण दाखवता?"

मी उघडले नाहीत. तिने मात्र सगळं बघितलं. खाडी बघितली, पलीकडचा समुद्र बघितला, डोंगर वरून कसे दिसतात ते मला सांगत राहिली. विमान हललं की कळवळायची, आणि हादरे थांबले की पुन्हा खिडकीकडे मान करायची. पुढच्या खुर्चीतून साहेबांनी एकदा वळून विचारलं, "आजी, जास्त दुखतंय का?"

"माझा दुखता ता माझा," आई म्हणाली. "तू फुडे बघ."

सड्यावर ही गर्दी! मांडव, पताका, वाजंत्री, हार घेतलेले लोक, आणि कोपऱ्यात डोली घेऊन माझे दोघे चुलतभाऊ. आमच्या त्या विमानाला दार एकच, तेही मागे. म्हणजे आईला उतरवल्याशिवाय साहेबांना बाहेर यायला वाटच नव्हती. दार उघडलं, वाजंत्र्यांनी सनई-ताशा सुरू केला, लोकांनी साहेबांचा जयजयकार केला, आणि चादरीच्या झोळीत माझी आई बाहेर आली. वाजवणारे वाजवतच राहिले. त्यांना कोणी थांबा सांगितलंच नव्हतं. आईने झोळीतून एक हात वर केला. मी पोट धरून हसले. अख्ख्या दिवसात पहिल्यांदा.

तिथेच थांबायला हवं होतं सगळं. पण त्या माणसाला मी ओळखलं नव्हतं. साहेब वाकून दारातून बाहेर आले, एका नजरेत त्यांनी गर्दी बघितली, पेपरवाल्याचा कॅमेरा बघितला, चार ढांगा टाकून पुढे आले आणि माझ्या आईच्या चादरीचं एक टोक धरलं. नुसतं धरलं. भार माझ्या भावांच्या हातावर होता. खटॅक, फोटो निघाला. मग त्यांनी भाषण केलं. मी ते सगळं ऐकलं, कारण आईला डोलीत नीट निजवेपर्यंत आम्हाला तिथून हलता आलं नाही. मुंबईत अडलेल्या माउलीला पाहून त्यांचं मन द्रवलं, म्हणून त्यांनी कोनशिलासुद्धा मागे ठेवली, असं ते सांगत होते. दगडापेक्षा माणूस मोठा, म्हणत होते. बायका डोळे पुसत होत्या. माझी सख्खी चुलती पदराने डोळे पुसत होती! बाईसाहेब शेजारी खाली मान घालून उभ्या होत्या. त्यांची नथ मात्र हलत होती.

दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला. दुकानदाराने कापून भिंतीला लावला. त्याच दुकानात माझ्यासाठी जुहूहून फोन आला होता. निरोप असा, की बाईंनी आता यायची तसदी घेऊ नये, फक्त पंखांची पिन परत पाठवावी. कुटुंब! आणि ती बया तेव्हा पिनेसाठी रडली. नोकरीसाठी नाही रडली, पिनेसाठी. काय करावं अशा बाईचं?

दगड नंतर ट्रकने आला, बसवला, त्याला हार घातले. दवाखाना म्हणाल तर माझी नात लग्नाची झाली, अजून यायचाय.

पण आई घरी होती. माजघरात, तिने सारवलेल्या जमिनीवर. तिने पेज मागून घेतली, दोन घोट घेतले, फणसाकडे बघितलं, माझ्या चुलतभावांच्या बायकांच्या सारवण्यात चुका काढल्या. आणि मग लोक यायला लागले. विमानातून आलेली म्हातारी बघायला वाडीवाडीतून लोक येत होते. दारात चपलांचा खच. येणारा प्रत्येक जण खाली बसून तेच म्हणायचा, नशीबवान आसस तू, साहेबांनी तुका इमानातसून आणल्यानी, देवमाणूस.

पहिले एक-दोन जण असं म्हणाले तेव्हा मी तोंड उघडलं होतं. काटा, अकरा किलो, दरी, सगळं सांगायला लागले. लोक ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे असं बघायचे, की हिला मुंबईचं पाणी लागलंय, उपकार विसरली. फोटो होता ना त्यांच्याकडे.

आईचा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता. पण साहेबांचं नाव निघालं की ती हाताने त्या माणसाला जवळ बोलवायची. तो कान तिच्या तोंडाशी नेई. आणि ती प्रत्येकाला तेच सांगायची, एक शब्द इकडे-तिकडे न करता, "मी तेका घेवन इलंय. तो माका घेवन नाय इलो."

लोक मान डोलवायचे. बाहेर पडवीत आले की एकमेकांना म्हणायचे, शेवटचं चाललंय, म्हातारीला भ्रम झालाय. चार-पाच दिवसांनी तिसऱ्या प्रहरी ती गेली तेव्हाही दारात दोघं-तिघं उभी होती, आणि त्यातलं एक जण साहेबांच्या फोटोबद्दलच बोलत होतं. मी उठले आणि त्यांना हाकलून दिलं. गावात अजून नाव आहे माझं, आईच्या मयताला आलेल्यांना हाकलणारी. असू दे. ती नसती तर त्या दिवशीही मी कागदावर ऐंशीच लिहिलं असतं, आणि साहेब दगडासकट दरीत गेले असते. तिला भ्रम झाला नव्हता.